बुटावरचा चिखल काय सांगतो

"परागकणांवरून खुनी सापडतो म्हणतात, खरं का?" वनस्पतींच्या पुराव्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगते: खुनी सापडत नाही, जागा सापडते. बूट, फावडं किंवा टायर कुठे जाऊन आलं एवढंच परागकण सांगतात. तो बूट त्या दिवशी कुणाच्या पायात होता, हे पोलिसांना वेगळं सिद्ध करावं लागतं.

१९५९ मध्ये व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीच्या परिसरात एक माणूस बेपत्ता झाला. संशयित हाती होता, मृतदेह मिळत नव्हता. संशयिताच्या बुटाचा चिखल परागशास्त्रज्ञ विल्हेल्म क्लाउस यांच्याकडे आला. त्यात स्प्रूस, विलो आणि आल्डर या झाडांचे परागकण होते, शिवाय हिकरी या झाडाचे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म कण. हिकरी आज युरोपच्या रानात आपसूक उगवत नाही. म्हणजे ते कण मायोसीन या प्राचीन भूकाळातल्या मातीच्या थरातून आले. तसा थर उघडा आणि जवळपास ही तिन्ही झाडं, असा टापू नदीकाठी लहानसाच होता. तो समोर ठेवल्यावर संशयिताने कबुली दिली आणि पुरल्याची जागा दाखवली. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो तो दोन कोटींचा आकडा. खरं काम केलं ते चौघांच्या एकत्र सापडण्याने. एकट्या स्प्रूसवरून काहीच ठरलं नसतं, त्याचे कण वाऱ्यावर दूरदूर जातात.

कोणता कण किती मोलाचा, हे झाडाच्या परागणावर, म्हणजे त्याचे कण वाऱ्याने पसरतात की कीटकांनी, यावर अवलंबून. गवताचे कण सगळीकडे असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गवतं सारखीच दिसतात: गोल, एकच छिद्र. बाभळीचे कण मात्र बहुधा सोळाच्या गठ्ठ्याने चिकटलेले, जड. ते झाडापासून फार लांब जात नाहीत. जास्वंदीचा काटेरी कण १०० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून) मोठा. तो बाहीवर मिळाला, तर बाही फुलाला घासली असण्याचीच शक्यता जास्त.

काम बिघडतं ते बहुतेकदा नमुना उचलतानाच. ओला बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी धरते आणि ती परागकणांची नासाडी करते. बंद खोलीत सुकवून तो कागदी पिशवीत ठेवावा, डावा आणि उजवा वेगवेगळा. खिडकी उघडी नको, पंखा नको, टेबलावर फुलदाणी तर नकोच. घटनास्थळी खोल खणू नये. बुटाला लागते ती वरची माती, म्हणून वरच्या अर्ध्या-एक सेंटिमीटरातून दहा-पंधरा ठिकाणची चिमूट-चिमूट गोळा करावी. ज्याने ही माती उचलली त्याने त्याच कपड्यांनिशी संशयिताच्या बुटांना हात लावू नये.

प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना जातो, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने वाळू. हे दुसरं काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकचीच. मग ॲसिटोलिसिस, म्हणजे कवच सोडून कणाचा बाकी भाग आम्लाने काढून टाकणं: ॲसेटिक ॲनहायड्राइड ९ भाग, सल्फ्युरिक आम्ल १ भाग, आणि काही मिनिटं गरम. पाण्याचा अंश राहिला तर मिश्रण उसळतं, म्हणून त्याआधी ग्लेशियल (जवळपास पाणी नसलेल्या) ॲसेटिक आम्लाने धुणं चुकवू नये. कणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचं असतं, ते एवढं सगळं सोसतं. आतला जीवद्रव मात्र नष्ट होतो, आणि कण ताजा होता की जुना हे त्याच्यावरूनच कळतं. त्यामुळे कपड्यावरच्या नमुन्याचा थोडा भाग आम्ल न लावता आधी पाहून घ्यावा. मोजणी निदान २०० ते ३०० कणांची.

गुन्हा कोणत्या महिन्यात झाला, हे मातीवरून विचारू नका. तिच्यात अनेक वर्षांचे बहर साठलेले असतात.

सगळ्यात जास्त राहून जातो तो संशयिताच्या परसाचा नमुना. "मी परसाबाहेर गेलोच नाही" असं तो म्हणतो, आणि परसातही तीच बाभूळ असते. बचाव पक्षाच्या एका प्रश्नासरशी पुरावा कोसळतो. बूट घटनास्थळाशी जुळतो हे अर्धंच उत्तर. त्याच्या परसाशी आणि रोजच्या वाटेशी जुळत नाही, हे दुसरं अर्ध. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. तिथून निघालेल्या तज्ज्ञाने त्या परसातही थांबून चिमूटभर माती घ्यावी.