आधी हौद, मग फरशी

जुळे सोलापुरातलं हे घर भाड्यानं द्यायच्या हिशेबानंच घेतलं. खाली दोन खोल्या-किचन, वर तेवढंच, बांधकाम वीसेक वर्षांचं. डागडुजीला चार लाख धरले होते, सहाच्या वर गेले. वरचे दोन बहुतेक माझ्या घाईचे.

दुकानात डिस्काउंट चालू होतं म्हणून सगळ्यात आधी शहाबादी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. महिनाभरात बाथरूमलगतच्या भिंतीला ओल चढली. आतला जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप गंजून गळत होता. आठ टाइल्स फोडाव्या लागल्या आणि त्या शेडची पेटी परत मिळाली नाही. बाथरूमच्या दारापुढं आजही वेगळ्या रंगाचा पट्टा आहे. बायको त्याला ‘डिझाइन’ म्हणते.

मग ओळखीतून एक वयस्कर मिस्त्री मिळाले. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. आल्या आल्या त्यांनी हातोडीनं वरचं छत ठोकत फिरायला सुरुवात केली. एका जागी आवाज बद्द आला.

“इथं गिलावा सुटलाय मालक. आत सळई फुगली असंल.”

सळई गंजली की जाड होते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. गिलावा पाडला तर तेच. तारेच्या ब्रशनं घासून, गंज थांबवणारं रसायन लावून, पॉलिमर घातलेला माल भरला. पण पाणी येत होतं गच्चीवरून, तेव्हा जुना कोबा उखडून विटांच्या तुकड्यांचा नवा घातला, उतार नीट पाइपकडे, वर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 43च्या पुढं जातो, पांढरा रंग तेवढाच वरच्या भाडेकरूला आधार. शेवटी पाइपच्या तोंडात बोळे कोंबून गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवलं. खालचं छत कोरडं राहिलं तेव्हा कुठं मिस्त्रींनी चहा मागितला.

रंग कधी करायचा, असं मी विचारलं.

“रंगाचं काय घेऊन बसलाव! हौद बघितला का?”

नव्हता बघितला. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मी मॉड्युलर किचनची कोटेशनं गोळा करत होतो! त्यांनी हौद भरायला लावला, पाण्याच्या पातळीवर खिळ्यानं रेघ ओढली, झाकण लावलं आणि घरी गेले. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. हौद उपसून आत उतरलो तर नळाचा पाइप भिंतीत शिरतो तिथं केसाएवढी फट आणि तळाच्या कोपऱ्याला तडा. सगळं टाचून, कोपऱ्यांना गोलाई देऊन वॉटरप्रूफिंगचा गिलावा केला. त्याला पाणी मारायला पुन्हा पाणीच हवं, म्हणून टँकर मागवला.

या सगळ्यात जानेवारी आला. आधीच्या दोन बिगाऱ्यांनी गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, म्हणून उचल घेतली, ते परत दिसलेच नाहीत. तेव्हापासून काम रोजावर न देता अंगावर, म्हणजे ठोक रकमेवर दिलं आणि पैसे टप्प्याटप्प्यानं, गच्चीचे तर पाणी तुंबवून बघितल्यावरच.

सीएंना मी सगळी बिलं फाईल करून नेऊन दिली. त्यांनी चाळलीसुद्धा नाहीत. इन्कम टॅक्सला भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते, दुरुस्तीला सहा लाख लागोत नाहीतर सहा रुपये. बांधकामात भर घालणारी बिलं मात्र घर विकताना उपयोगी पडतात, ती जपून ठेवा म्हणाले.

मार्चमध्ये खालच्या मजल्याला एका शिक्षकांचं कुटुंब आलं. वहिनींनी किचनवर एक नजर टाकली आणि मोबाइलचा टॉर्च लावून हौदात वाकून बघितलं. किती लिटरचा, एवढंच विचारलं. करार 11 महिन्यांचा केला आणि रजिस्टरही, कारण भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे नोंदणी करायची जबाबदारी मालकावरच असते.

पश्चिमेच्या भिंतीतली तिरकी भेग तेवढी राहिलीय. जमीन काळी, उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. मिस्त्रींनी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकणार. मेअखेरपर्यंत तरी शाबूत आहे. जूनमधले दोन-चार मोठे पाऊस झाले की बघून या, म्हणालेत.