टोपणनावाचं अकाऊंट लॉक झालं, ते परत मिळवलं: माझा अनुभव

मी टोपणनावाने लिहिते. विषय जातपंचायत. दंड, वाळीत टाकणं, मयताला खांदा द्यायला कुणी न येणं हे सगळं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पण माझे आईवडील अजून गावात राहतात आणि संध्याकाळी दारात येऊन बोलणाऱ्याला कायदा लगेच अडवत नाही. शिवाय आपल्याकडे आडनाव वाचलं की लोक आधी जात शोधतात, मुद्दा नंतर, वाचला तर.

तर एका पोस्टनंतर बऱ्याच जणांनी ठरवून 'फेक प्रोफाइल' म्हणून रिपोर्ट मारले आणि अकाऊंट लॉक, खरं नाव टाका, आयडी अपलोड करा. मैत्रिणी म्हणाल्या सोड ना, नवीन उघड. पण इनबॉक्समध्ये बायकांनी विश्वासाने लिहिलेलं किती काय होतं, ते तसंच टाकून कशी जाणार? आणि मला धमक्या देणारे तर खऱ्या नावाने, फोटोसकट देत होते, त्यांचं अकाऊंट चालू!

मदतीच्या पानावर खूप खाली लिहिलेलं सापडलं की रोज वापरात असलेलं नाव दाखवणारे दुसरे कागदही चालतात. मग दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो, त्याच नावाने आलेलं मानधनाचं पाकीट असं सगळं पाठवलं. काही मिनिटांत नकार, म्हणजे माणसाने बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मी तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. आयटी नियम २०२१ प्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मना भारतात असा अधिकारी ठेवावाच लागतो, २४ तासांत पोच द्यावी लागते, मी केलं तेव्हा निकालाची मुदत १५ दिवस होती. मेलमध्ये लिहिलं की मी कुणाचं सोंग घेतलेलं नाही, याच नावाने छापून येते, आणि याच नियमांत अकाऊंटचं व्हेरिफिकेशन ऐच्छिक म्हटलंय. लोकहितवादींचंही लिहिलं, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्या नावाने स्वतःच्याच समाजावर टीका करत होते, त्यांना आज फेक कोण म्हणेल? शेवटी, नाही ऐकलं तर ३० दिवसांच्या आत सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाईन, ते अपील ऑनलाइनच होतं, हेही स्पष्ट टाकलं. मला वाटतं काम या ओळीनेच केलं.

मुदतीच्या आत अकाऊंट उघडलं, नाव तेच.

काही जणी विचारतात मास्क्ड आधार का नाही दिलं? त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात हे खरं, पण नाव आणि फोटो दिसतातच, आणि मला लपवायचं होतं ते नावच. कुणाचं अडकलं असेल तर आयडी द्यायच्या आधी तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मसुदा हवा असेल तर माझा देते.