तुम्ही विचारलंत म्हणून: वायपीच्या मागच्या चाकांविषयी

माझ्या बैठकीतले वाफेच्या रेल्वे इंजिनाचे पितळी मॉडेल पाहिले की बहुतेक पाहुणे विचारतात, ‘जगात इतकी डौलदार इंजिने असताना तुम्ही आपल्या मीटरगेजचे हे साधे वायपीच का केले?’

एक कारण अगदी घरचे आहे. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर सायकल टेकवून मी शाळेला उशीर करून घेतला, तो याच इंजिनांपायी. मिरज-लोंढा मार्ग 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि ती दिसेनाशी झाली. पण निव्वळ आठवणीखातर कोणी चार वर्षे लेथपाशी उभे राहत नाही. मला ओढ होती ती त्याच्या रचनेची, आणि त्यातही केबिनखालच्या त्या लहान चाकांची.

वाय म्हणजे मीटरगेज, अर्थात रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग, आणि पी म्हणजे पॅसेंजर. पहिली वीस इंजिने अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याची. पुढे ग्लासगो आणि म्युनिक इथल्या कारखान्यांनी व नंतर जमशेदपूरच्या टेल्कोने ती बांधली आणि 1970 पर्यंत एकूण संख्या 871 वर गेली. मालगाडीच्या वायजीचा बॉयलरही हाच; फरक मुख्यतः चाकांचा. वायपीला साडेचार फुटी चाकांच्या तीन जोड्या, तर वायजीला चार फुटी चाकांच्या चार, म्हणजे वेग कमी पण ओढ अधिक. कॅसलरॉकच्या घाटात वायजीच का लागे, ते यावरून कळते.

आता मागच्या चाकांकडे येतो. आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे पुरेशी वाफ हवी तर कोळसा जिच्यावर जळतो ती जाळी रुंद हवी. पण रुंद फायरबॉक्स, म्हणजे ही जाळी असलेली भट्टी, मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नाही, म्हणून तो त्यांच्या मागे नेला आणि तिथे लोंबणारा भार पेलायला एक लहान जोडी दिली. म्हणजे कोळसा हलक्या प्रतीचा, म्हणून ही चाके.

माझे मॉडेल साडेबावीसपट लहान आहे; मीटरगेजच्या रुळांतले अंतर त्यात सुमारे 45 मिलिमीटर होते आणि मोठे चाक 61 मिलिमीटरचे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत चाके ओतून घेतली, बाकीचे मीच कातले. त्यात कोळसा का घालत नाही, हाही प्रश्न ठरलेलाच. लांबी साडेबावीसपट घटली की पृष्ठभाग सुमारे पाचशेपट घटतो, पाणी मात्र अकरा हजारपटींहून अधिक. त्यामुळे एवढासा बॉयलर झपाट्याने निवतो आणि त्या चिमुकल्या जाळीवर कोळसा धड पेटतही नाही. म्हणून मी स्पिरिटच्या वाती लावतो.

गंमत अशी की स्पिरिटला रुंद जाळीची गरजच नाही. माझा फायरबॉक्स नुसता पत्र्याचा देखावा आहे आणि ज्या चाकांवर मी सर्वाधिक वेळ घालवला, त्यांच्यावर कसलाच भार नाही. भार नसल्याने गच्चीवरच्या पहिल्याच वळणावर सगळ्यांत आधी तीच रुळावरून उतरली. स्प्रिंगा बदलून पाहिल्या, पण उपयोग झाला नाही. अखेर पत्र्याच्या त्या रिकाम्या फायरबॉक्समध्ये मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने भरली, तेव्हा कुठे इंजिन वळण घेऊ लागले.