वर्तमान

जुन्या नियतकालिकांची विषयसूची करणं हे माझं काम. पान पडद्यावर मोठं करून घ्यायचं, मथळा वाचायचा आणि तो कोणत्या खान्यात जातो ते ठरवायचं: बातमी, लेख, पत्रव्यवहार, जाहिरात. त्या महिन्यात 1850 च्या आसपासच्या एका साप्ताहिकाचे अंक हातात होते आणि सूची जवळजवळ पुरी झाली होती.

पटकीच्या साथींवर अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिला गावोगावच्या बातम्या हव्या होत्या. मी बातम्यांचा खाना उघडून दिला. तासाभराने ती माझ्या टेबलापाशी आली. "ताई, हे पत्र बातम्या छापतच नव्हतं का?"

"या अंकांत लेखच जास्त आहेत," मी म्हटलं. माझी सूची तेच सांगत होती.

तिने अंकच मागितले. मी तिच्याशेजारी बसले. चार-पाच पानं झाल्यावर तिने 'मुंबईचें वर्तमान' या मथळ्यावर बोट ठेवलं. "हे लेखांत का टाकलंय?"

वर्तमान म्हणजे चालू काळ, तेव्हा त्या वेळच्या परिस्थितीवरचा लेख, असं मी समजावून सांगितलं. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आमच्या घरी शुभवर्तमान वाचतात. मत्तयाचं, लूकाचं. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी ना?"

मी मथळ्याखालचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. बारीक ठसे, परिच्छेद जवळजवळ नाहीत, एका गोष्टीला चिकटून दुसरी. दोन ओळींत एका गावी रोग आल्याचं, लगेच पुढे पावसाचं, त्याच्यापुढे बंदराला लागलेल्या गलबताचं. आणि मधेमधे 'असें वर्तमान आहे'. तिची पटकी तिथेच होती, मी 'समकालीन स्थिती' या नावाखाली पुरून ठेवलेली.

मला फार लागलं ते याचं, की हे मला ठाऊक असायला हवं होतं. पेशवाईतल्या पत्रांत 'साद्यंत वर्तमान लिहिले' असं किती वेळा वाचलं आहे! मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात वर्तमानचा बातमी हा अर्थ दिलेला आहे. 'वर्तमानदीपिका' नावाचं पत्र निघत होतं. आणि ज्याला मी रोज वर्तमानपत्र म्हणते, त्या शब्दात तरी दुसरं काय आहे? पण वर्तमान, भूत, भविष्य हे शाळेतलं त्रिकूट डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की समोरच्या पानावरचा अर्थ दिसलाच नाही. तो अर्थ जिवंत ठेवला होता मराठी बायबलने, आणि तो ओळखला तिथे वाढलेल्या मुलीने.

घरी जाताना या शब्दाचाच विचार चालू होता. वृत्त आणि वर्तमान दोन्ही एकाच 'वृत्' धातूचे. वृत्त म्हणजे घडून गेलेलं, वर्तमान म्हणजे घडत असलेलं. समुद्राखालची तार मुंबईला पोचली 1870 साली. या अंकांच्या काळात विलायतेची खबर बोटीने यायची, हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे उलटलेले असायचे. तरी मराठी माणूस तिला वर्तमानच म्हणत होता. जिथे ती कळली तिथे ती त्या दिवशीच घडत होती. आज क्षणात पोचते, आणि आपण तिला वृत्त म्हणतो. मला तो जुना शब्द जास्त खरा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या अंकापासून सुरुवात केली. ती मुलगीही आली, न बोलावता, आणि शेजारी बसून मथळे वाचून दाखवू लागली. 'पुण्याचें वर्तमान'. 'विलायतेचें वर्तमान'. मी प्रत्येक नोंद लेखांतून काढून बातम्यांत ठेवत गेले. त्या खान्याच्या नावापुढे आता 'वर्तमान' हा शब्दही लिहिला आहे. दुपारपर्यंत तिला पटकीच्या सात नोंदी मिळाल्या होत्या, आणि तेव्हा आमचा पहिलाच खंड चालू होता.