डॉलरची कमाई अन् वेचाईचे पैसे

२०२४ची दिवाळी झाली आणि आमच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वेचणी जोरात सुरू झाली. वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, किलोमागं ठरते आणि बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. फोनवर पाठवू का विचारलं, तर एक मावशी म्हणाली, "फोन पोराजवळ रायते बाप्पा, पैसे बी त्याच्याजवळच जाईन." विषय संपला.

शेत बाबांचं. मी घरी बसून वेबसाइटी करतो. तेव्हा कॅनडातल्या गिऱ्हाइकाकडून ३०० डॉलर यायचे होते. आधी वाटलं होतं, परदेशी कंपनीचं कार्ड घ्यावं, डॉलर त्यावर साचू द्यावेत आणि लागतील तसे आर्वीच्या एटीएममधून रुपये काढावेत. पाहुणे म्हणून आलेले परदेशी तसंच करतात. पण इथं राहून बाहेरची कामं करणाऱ्याला ती कमाई इथल्या बँक खात्यात आणावी लागते. म्हणजे एटीएमपर्यंत डॉलर पोचतच नाहीत.

गिऱ्हाइकानं स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे पाठवायला लागणारा बँकेचा ओळख-कोड, मागितला. आमच्या शाखेला तो नाहीच! साहेबांनी दोन फोन करून नागपूरच्या मोठ्या शाखेचा दिला. पैसे आले तसा तिथून प्रश्न: कशाचे? कारणाचा कोड लिहून द्यायचा असतो; सॉफ्टवेअरच्या कामाला पी०८०२. मी भोळेपणानं 'घरखर्च' लिहिणार होतो. तसं लिहिलं असतं, तर कामाची कमाई नातेवाइकानं पाठवलेल्या पैशात जमा झाली असती.

३०० निघाले, २८२ पोचले. मधल्या बँकेनं आपला हात मारला होता. वर बँकेचा दर बाजारापेक्षा कमी, आणि चलन बदलल्याचा ४५ रुपये जीएसटी. तरी साडेतेवीस हजारांच्या आसपास जमा झाले.

खरी कसरत पुढं. बाजाराच्या दिवशी सकाळीच आर्वी गाठली. आमच्या बँकेच्या मशीनवर 'रोकड उपलब्ध नाही'चा कागद, म्हणून शेजारच्या बँकेच्या मशीनला कार्ड लावलं. एका वेळी १०,००० निघतात. पहिले निघाले. दुसऱ्यांदा आत नोटा मोजल्याचा खर्र आवाज आला, थांबला, झडप काही उघडली नाही. खिशातला फोन मात्र वाजला: खात्यातून १०,००० वजा.

मशीनवाल्या बँकेत गेलो, तर त्यांनी हात वर केले. ते नियमाला धरूनच होतं; तक्रार ज्या बँकेचं कार्ड, तिच्याकडेच करायची. आमच्या शाखेत चिठ्ठी दाखवली, मशीनचा नंबर आणि वेळ लिहून दिली, तक्रारीचा नंबर मागून घेतला. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे असे पैसे ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

त्या संध्याकाळी उरलेली वेचाई कृषी केंद्रवाल्या भाऊंकडून उसनी घेऊन दिली. नोटा मोजता मोजता त्यांनी विचारलंच, "काऊन रे, व्याज डॉलरमंदी लावू का?"

सातव्या दिवशी १०,००० परत आले. दोन दिवसांचे २०० काही आपोआप आले नाहीत; अर्ज केला, तेव्हा आठवड्यानं मिळाले. आता बाजाराच्या दोन दिवस आधीच बँकेत विड्रॉल भरतो, आणि शंभराच्या नोटा मागून घेतो.