कोरे सोडलेले दोन रकाने

आमच्या अभ्यासक्रमाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा शेतावर होते. विद्यार्थ्याला पूर्वी न पाहिलेला जमिनीचा एक तुकडा दाखवला जातो, माती तपासण्यासाठी आणि कसणाऱ्याशी बोलण्यासाठी दुपारपर्यंतचा वेळ दिला जातो, आणि मग त्याने त्या तुकड्यासाठी तीन वर्षांचा नियोजन तक्ता भरून द्यायचा असतो. शंभरपैकी चाळीस गुण या एका तक्त्याचे आहेत. गेल्या डिसेंबरात मुंबईतल्या गोराईला झालेल्या परीक्षेत एका विद्यार्थिनीने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे रकाने कोरे ठेवले. त्यावरून बाहेरून आलेल्या परीक्षकांचा आणि माझा जो वाद झाला, तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मुंबईत बसून पुनरुज्जीवी शेती, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती, शिकवता हे ऐकून लोक हसतात, त्याची आता सवय झाली आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत नोकरी सोडलेले संगणक अभियंते असतात, वास्तुकलेच्या पदवीधर असतात, आणि गावी दोन-तीन एकर असूनही कांदिवली-जोगेश्वरीच्या चाळीत वाढलेली मुलेही असतात. यांपैकी फार थोडे स्वतः शेती करणार असतात. बाकीच्यांना प्रमाणीकरणाच्या तपासणीत, शेतकरी उत्पादक कंपन्यांत, कार्बन प्रकल्पांत किंवा सरकारी अभियानांत काम हवे असते, आणि ते काम आहेही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे आणि त्यासाठी ३०,००० कृषी सखी, म्हणजे गावातल्या प्रशिक्षित महिला, उभ्या करण्याचे उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम करायचे म्हटले की ठरावीक नमुन्यातले तक्ते आलेच, आणि ते भराभर भरणारी माणसेही लागतातच. आमचा अभ्यासक्रम हळूहळू त्याच दिशेने सरकला आहे, हे मी इथे नोंदवून ठेवते.

त्या दिवशी आम्ही बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला पोहोचलो. पॅगोड्याकडे जाणारी गर्दी एका बाजूला वळली आणि आम्ही गावामागच्या वाटेने शेताकडे गेलो. परीक्षक भाईंदर-उत्तन मार्गे गाडीने आले. शेत साधारण एक एकराचे आहे. त्याची एक कड रस्त्याला लागते आणि दुसरी खाडीच्या बाजूच्या जुन्या मातीच्या बांधाला. पावसाळ्यात तिथे भात होते आणि नंतर विहिरीच्या पाण्यावर भाजी. जमिनीचे मालक बोरिवलीत राहतात. कसणारे जोडपे मूळचे विक्रमगडकडचे असून त्यांनी जमीन खंडाने घेतलेली आहे, पण तसा कागद कुठेही झालेला नाही.

माती तपासण्याच्या दोन साध्या चाचण्या आम्ही शिकवतो आणि त्यांचा मला अभिमान आहे, कारण त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. पहिली पाणी मुरण्याची. प्लंबरकडून कापून घेतलेला सहा इंच व्यासाचा पाइप जमिनीत तीन इंच ठोकायचा, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर ४४४ मिलिलिटर, म्हणजे त्या व्यासात साधारण एक इंच उंचीचे, पाणी ओतायचे आणि कागद अलगद ओढून घेऊन घड्याळ लावायचे. पहिला इंच माती ओली होण्यात जातो, म्हणून दुसऱ्या इंचाचा वेळ धरायचा. रस्त्याकडच्या भागात हा दुसरा इंच आठ-दहा मिनिटांत मुरला. खाडीकडच्या भागात अर्ध्या तासानंतरही पाइपात पाणी उभे होते.

दुसरी चाचणी ढेकळाची. सावलीत वाळवलेले सुपारीएवढे ढेकूळ पाण्यात सोडून ते कसे वागते हे पाहायचे. सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल तर ते टिकते. नसेल तर चुरा होऊन तळाशी बसते, मात्र वरचे पाणी बऱ्यापैकी निवळ राहते. पण कधी कधी ढेकळाभोवती दुधट वलय पसरते आणि पाणी तासन्‌तास गढूळ राहते. हा प्रकार वेगळा आहे. चिकणमातीच्या कणांना सोडियमने धरलेले असले की ते एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगत राहतात. पहिल्या दुखण्यावर शेणखत, आच्छादन आणि हिरवळीचे खत हा उपाय आहे. दुसऱ्यावर आधी निचरा हवा, मग सोडियमला हुसकावण्यासाठी जिप्सममधला कॅल्शियम, आणि सुटलेला सोडियम धुऊन नेण्यासाठी गोड्या पावसाचे पाणी. नुसत्या सेंद्रिय पदार्थाने ते दुखणे बरे होत नाही.

आम्हाला वरून आलेल्या पुस्तिकेत या चाचणीसाठी ‘स्वच्छ पाणी’ घ्यावे, एवढेच म्हटले आहे. जवळजवळ सगळ्यांनी शेतातल्याच विहिरीचे पाणी बरण्यांत भरले, कारण ते दिसायला अगदी काचेसारखे होते. दोन्ही भागांतली ढेकळे त्यात कमीअधिक विस्कटली, पाणी निवळ राहिले, आणि सर्वांनी ‘सेंद्रिय कर्ब कमी’ असा एकच निष्कर्ष लिहिला. रकाने कोरे ठेवणाऱ्या त्या मुलीने मात्र पिशवीतून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली काढली. वीस मिनिटांत तिच्या खाडीकडच्या बरणीत ढेकळाभोवती धुके धरले आणि दुपारपर्यंत पाणी ताकासारखे झाले. खाऱ्या पाण्यातले क्षार चिकणमातीचे कण एकत्र बांधून ठेवतात, त्यामुळे विहिरीच्या पाण्यात दोष झाकला जातो; गोडे पाणी मिळाले की तो उघडा पडतो. पावसाळ्यात शेतात हेच घडते. पावसाने मोकळे मीठ वाहून जाते, सोडियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, आणि वरचा थर लिंपल्यासारखा बसतो. तिने विहिरीच्या पाण्यात मीटर बुडवून क्षारता पाहिली, ती मीटरला दोन डेसिसायमनच्या आसपास, म्हणजे पाणी खारे असल्याचे दाखवणारी, होती, आणि मग शांतपणे दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. एवढ्या वर्षांत ‘स्वच्छ पाणी’ या दोन शब्दांवर शंका घेतलेली ही पहिलीच विद्यार्थिनी मी पाहिली.

त्यानंतर ती बांधावर बसून कसणाऱ्या जोडप्यातल्या मावशींशी बोलत राहिली. बाकीचे विद्यार्थी तोवर तक्त्याला लागले होते. आमची मुले जीवामृताची, म्हणजे नैसर्गिक शेतीत जमिनीला द्यायच्या आंबवलेल्या द्रावणाची, कृती आरतीसारखी पाठ म्हणतात: एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. या शेताचा एक बांध खाडीच्या गाळाचा आहे, तेव्हा मूठभर माती नेमकी कुठली घ्यायची हे कोणीही विचारले नाही.

“मावशी, इकडच्या बाजूला घेवडा का नाही लावत?” तिने विचारले.

“नाही येत. पानांच्या कडा जळतात. पालकाला चालतं, म्हणून इकडे पालकच टाकतो.”

हे शास्त्राला धरूनच आहे. घेवडा खारेपणाला अतिशय नाजूक, आणि आपला पालक बीटच्या कुळातला, बराच खारेपणा सोसणारा. पिकांची ही मांडणी सकाळपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

“ही जमीन किती वर्षं करताय?”

“हीच? दुसरं वर्ष. आधी तिकडची करत होतो, त्या नारळांपलीकडची.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“शेठ सांगतील ती.”

ज्यांनी मुंबईच्या आसपास शेतीत काम केले आहे त्यांना हे उत्तर कळेल. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी लाखो कसणाऱ्यांना जमिनीचे मालक केले, आणि त्याच वेळी जमीनमालकांच्या मनात ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती कायमची बसवली. कायदा कोणत्या हद्दीत किती लागू आहे याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. कागद करायचा नाही आणि एका माणसाला एका तुकड्यावर फार काळ ठेवायचे नाही, हा नियम मात्र सगळे पाळतात. त्यामुळे सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव येत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक योजनेच्या अर्जाला सातबारा लागतो.

तिच्या तक्त्यात पहिल्या वर्षाचा रकाना काठोकाठ भरलेला होता. खाडीकडे पालक चालू ठेवावा. भाताचा पेंढा विकण्याऐवजी निम्मा आच्छादनाला वापरावा, कारण बाष्पीभवन घटले की क्षार वर येणे कमी होते. रस्त्याकडच्या भागात घेवड्यासोबत वांगी घ्यावीत. जीवामृत द्यायचेच तर रस्त्याकडच्या भागात द्यावे. आणि या जोडप्याने जिप्समवर स्वतःचा एक रुपयाही घालू नये. बांध फुटलेल्या जागेतून भरतीचे पाणी येते तोवर जिप्सम वाया जाणार, आणि बांध दुरुस्त करणे मालकाचे काम आहे, असे तिने कारणही दिले होते. पुढच्या दोन रकान्यांवरून एक तिरपी रेघ ओढून तिने लिहिले होते, “दुसऱ्या वर्षी ही जमीन कोण कसणार हे ठरलेले नाही. ते ठरेपर्यंत हे रकाने भरणे योग्य वाटत नाही.”

परीक्षकांनी तक्त्याला चाळीसपैकी अकरा गुण दिले.

माझे म्हणणे असे होते की जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये कृषिपरिस्थितिकीची (निसर्गाच्या चक्रांना धरून शेती करण्याच्या शास्त्राची) जी तेरा तत्त्वे मांडली, त्यांत जमीन आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. आम्ही ते वर्गात शिकवतो, लेखी परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न विचारतो, आणि शेतावर आल्यावर तक्त्यात त्यासाठी एक ओळही ठेवत नाही. शिवाय आम्ही सहलीला विद्यार्थ्यांना जिथे नेतो ती उदाहरणे बहुतेक स्वतःच्या जमिनीवरची असतात. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदा करून वर्षानुवर्षे तेच वापरायचे, नांगरट करायची नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू द्यायची. उंबरगावजवळ भास्कर सावे यांनी आयुष्यभर एकाच बागेवर काम केले. ज्याला पुढच्या जूनमध्ये नारळांपलीकडे जावे लागू शकते, त्याने गादीवाफे कोणासाठी करायचे?

परीक्षकांनी माझे सर्व ऐकून घेतले, हे मान्य केले पाहिजे. आमच्या क्षेत्रात तेवढेही सहसा होत नाही. त्यांचे उत्तर असे होते: “मॅडम, उद्या ही मुलगी ज्या गावात जाईल तिथेही तोंडी खंडाच्याच जमिनी असतील. प्रत्येक वेळी कोरे रकाने घेऊन परत येणार का? जमीन राहिली तर हे, गेली तर ते, असे दोन पर्याय द्यायला हवे होते. अनिश्चिततेतच नियोजन करायचे असते.” मी म्हटले की तक्त्यात दोन पर्यायांना जागाच नाही. ते म्हणाले की समासात लिहायचे. तिरपी रेघ ओढायला जागा मिळाली, तर पर्याय लिहायलाही मिळाली असती.

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे अजून पुरते उत्तर नाही. ज्यांनी त्या जोडप्याच्या खिशातून हजारो रुपयांचे जिप्सम आणि शेवग्याची कुंपणझाडे तीन वर्षांत नीट विभागून दाखवली, त्यांना तीसच्या वर गुण मिळाले, हे मला पटत नाही. पण सल्लागाराने हात झटकून निघून जाऊ नये, हेही मीच वर्गात सांगत आले आहे. तिने हात झटकले असे मला वाटत नाही. अकरा गुणांवर इतर भागांतले गुण धरून ती उत्तीर्ण झाली, मात्र पहिल्या श्रेणीत आली नाही, आणि नोकरीच्या मुलाखतींना पहिल्या श्रेणीचीच यादी जाते.

निकालानंतर तिने मालकांना भेटण्याची इच्छा दाखवली आणि मी सोबत गेले. गृहस्थ सज्जन होते. दोन्ही बरण्यांची छायाचित्रे त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिली. बांधाचे काम पावसाआधी करून देतो, जिप्समचेही पैसे देतो, असे ते चहा येण्याआधीच म्हणाले. तीन वर्षांचा कागद करण्याचा विषय काढताच ते हसले. “कूळ लावून घेऊ का मी या वयात?” मग थोडे थांबून, अगदी निरागसपणे, ते म्हणाले, “आणि माती सुधारली, तर खंडही थोडा वाढवून मागता येईल, नाही का?”

ती काही बोलली नाही. उतरताना जिन्यात तिने मला विचारले की हे मावशींना सांगायचे का. मी सांगायचे म्हटले, आणि पुढच्या रविवारी तिने जाऊन सांगितले. मावशींनी विचारले, बांध होणार हे नक्की का. कारण बांध झाला तर खाडीकडे पुढच्या हिवाळ्यात मुळा टाकून पाहता येईल, मग ती जमीन त्यांच्याकडे असो वा नसो.

मी अभ्यास समितीकडे लेखी सूचना पाठवली आहे: पुस्तिकेत ‘स्वच्छ पाणी’ऐवजी ‘डिस्टिल्ड किंवा पावसाचे पाणी’ असे छापावे, आणि तक्त्याच्या सुरुवातीला जमीन कोणाची, कोण कसतो आणि किती काळासाठी, असा एक रकाना घालावा. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीबद्दल उत्तर आले की तक्ता आता मोबाइल ॲपवर गेला असून त्यात नवा रकाना घालणे या वर्षी शक्य नाही, आणि कोणताही रकाना रिकामा ठेवल्यास ॲप तक्ता स्वीकारत नाही.