सहा तास आणि उरलेला दिवस

जर्मनीत ओ पेअर म्हणून, म्हणजे एका घरात राहून त्यांची पोरं सांभाळायला, जायचं ठरलं तेव्हा घरात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, "म्हणजे लोकांची पोरं सांभाळायला एवढ्या लांब?" दुसऱ्याचं, "राहायला-खायला मिळतंय, वर भाषा शिकायला मिळतेय, जाऊ दे की तिला!" वर्षभर राहून आल्यावर माझं मत असं, की दोघांचंही खरं होतं आणि दोघांपैकी कोणालाच पूर्ण खरं म्हणता येत नव्हतं. याबाबतीत कायद्याचीही तीच गत आहे. 1969 साली स्ट्रासबुर्गला युरोपातल्या देशांनी ओ पेअरसंबंधी एक करार केला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की ही मंडळी धड विद्यार्थी नाहीत आणि धड कामगारही नाहीत. दोन्हींचे थोडेथोडे गुण असलेला हा वेगळाच वर्ग. जर्मनीने त्यावर सही केली, पण पुढची मंजुरी काही दिली नाही. आपले नियम आपणच केले.

आणि काय नियम! अर्ज करताना वय 27 च्या आत हवं, जर्मन निदान ए-वनपुरती, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीपुरती, यायला हवी, मुक्काम जास्तीत जास्त एक वर्ष. दिवसाला 6 तास काम, आठवड्याला 30. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, महिन्यातला एक तरी रविवार मोकळा. स्वतःची खोली, निदान 8 चौरस मीटरची, आणि तिला खिडकी असलीच पाहिजे. महिन्याला 280 युरो, ज्याला पगार म्हणायचं नाही, पॉकेटमनी म्हणायचं. भाषेच्या क्लाससाठी 70 युरो वेगळे. विमा यजमानांनी भरायचा. त्या 280 ला तासांनी भागायचा मोह होतो, तो आवरावा. उत्तर दोन युरोंच्या जरासं वर येतं आणि मग दिवसभर त्याच नजरेने भांडी विसळली जातात. घरकाम 'हलकं' असावं, असंही आहे. हलकं म्हणजे किती, हे त्या त्या घरच्या सिंकवर अवलंबून.

मी लाइपझिगमध्ये होते. शहराच्या दक्षिणेकडच्या भागात जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, बाबा, थोरला शाळेत जाणारा आणि धाकटी किटामध्ये. किटा म्हणजे तिथली बालवाडी. किटा सुटण्याची वेळ आणि आईबाबांच्या ऑफिसची वेळ यांचं कधी जमत नाही, त्या मधल्या फटीत ओ पेअर बसते.

सकाळ डब्यांनी सुरू व्हायची. पाव, चीज, काकडी, सफरचंद. गोड काहीही नाही, किटात चालत नाही. काम दहा मिनिटांचं, पण सफरचंदाच्या फोडी करायच्या की चकत्या, यावर धाकटीचं रोज नवं धोरण असायचं आणि ते फोडी करून झाल्यावर जाहीर व्हायचं.

खरी कसोटी पुढे. पाऊस असो, बर्फ असो, तिथली पोरं रोज बाहेर खेळतात. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, यावर तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे आधी लोकरी पायमोजे, ते थेट कमरेपर्यंत. त्यावर विजार. त्यावर चिखलात बसायची रबरी विजार, खांद्यावर पट्टे असलेली. तिच्या पायाशी एकेक इलॅस्टिक असतं, ते गमबुटाच्या तळव्याखालून ओढून घ्यायचं. त्यासाठी मुलीने एक पाय उचलायचा, दुसऱ्यावर उभं राहायचं आणि माझे केस धरून तोल सांभाळायचा. मग जाकीट, गळपट्टा, कानटोपी. शेवटी हातमोजे, त्यातही अंगठा अंगठ्याच्या जागी जायला हवा, नाहीतर तो कुठे हरवला याचा शोध जिन्यात सुरू होतो. हे सगळं जमलं, दाराची कडी काढली, की आतून आवाज यायचा, "पिपी." म्हणजे शू. मी विचारलेलं असायचंच आधी. आधी ती लागलेली नसते. त्या रबरी विजारीचे पट्टे लागायची वाट बघत असते, असं माझं निरीक्षण आहे.

किटाच्या दालनात प्रत्येक मुलाचा एक हुक, त्यावर एकेक चित्र. धाकटीचं हेजहॉग. खाली बूट, वर जाकीट, आत घरातल्या सपाता. मुलाला घरी न्यायला कोणीही येऊन चालत नाही. ज्यांना परवानगी आहे त्यांची नावं पालकांनी लिहून द्यायची असतात. माझ्या नावापुढे 'नातं' असा रकाना होता. आईने तिथे 'ओ पेअर' लिहिलं. मावशी, आत्या, शेजारीण अशा नोंदींच्या खाली ते नातं म्हणून व्यवस्थित खपूनही गेलं.

दुपारी मी मोकळी. फोल्क्सहोखशूलेत म्हणजे तिथल्या प्रौढशिक्षणाच्या शाळेत जर्मनचा क्लास असायचा. तिथे जगभरचे लोक. पेन काढायला कोटाच्या खिशात हात घालावा तर निघायचं काय, तीन चेस्टनट आणि एक ओला हातमोजा. तिथल्या पोरांना शरद ऋतूत रस्त्यावरचे चेस्टनट उचलायचा नाद असतो. खाण्याचे नव्हेत, नुसते चकचकीत तपकिरी, काड्या टोचून माणसं-घोडे बनवायचे. त्यांचे खिसे भरले की ओ पेअरचे भरतात. हे त्या सहा तासांत धरायचं का?

थट्टा वाटेल, पण वर्षभर हाच प्रश्न माझ्या मानेवर बसून होता. ऑफिसची नोकरी असली की माणूस उठतो आणि घरी जातो. इथे घरी जायचं कुठे? कामाची जागा आणि घर यांच्यामध्ये एक दार. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलं तर मी घरातली मुलगी म्हणून गेले, की कामावरची? नियमात याचं उत्तर नाही, आणि यजमानांचा त्यात काही दोषही नाही. माझे यजमान फार भले. तरीही.

हे सगळ्यात जास्त संध्याकाळच्या जेवणात कळायचं. त्याला जेवण म्हणायचं म्हणून म्हणायचं. मधोमध पावाची लाकडी फळी, लोणी, चीज, मुळ्याच्या चकत्या, सगळं थंड. पाचही जण टेबलाशी. आईबाबा घरी आलेले, माझी वेळ संपलेली. मी तिथे बसते ती घरातली म्हणून. गप्पा चालू असतात. मग धाकटीच्या कोपराचा धक्का लागतो आणि ज्यूसचा पेला आडवा होतो. ज्यूस टेबलाच्या कडेपर्यंत पोहोचायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात तीन मोठी माणसं आणि ओट्यावर एक फडकं. कोण उठतं? पहिल्या आठवड्यांत मी उठत असे, तीही अशी, की बाकीच्यांना खुर्ची सरकवायलासुद्धा वेळ मिळू नये. पुढे कधीतरी बाबा आणि मी एकदमच अर्धवट उठायला लागलो, आणि दोघंही एकमेकांना "बस, बस" म्हणेपर्यंत ज्यूस खाली पोहोचायचा. थोरल्याला यात भलताच आनंद व्हायचा. मला विचाराल तर आमचं खरं जमलं ते तेव्हापासून.

सहा पन्नासला टीव्हीवर झांडमान लागायचा. दाढीवाला छोटा बाहुला, दहा मिनिटांचा कार्यक्रम, शेवटी पोरांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकून जातो. 1959 पासून चालू आहे. म्हणजे पूर्व जर्मनीच्या टीव्हीवर जन्मला, पुढे तो देश नकाशावरून गेला, हा मात्र राहिला. बाबा याच शहरात लहानाचे मोठे झालेले. फोनवर बोलत असले तरी सहा पन्नासला पोरांच्या मागे येऊन उभे राहायचे. त्या दहा मिनिटांत आई आणि मी ओटा आवरायचो. तिथल्या गप्पा मालकीण-नोकराच्या नसायच्या, हेही नोंदवायला हवं. तिच्या बॉसबद्दल मला बरंच माहीत आहे.

त्यानंतर मी माझ्या खोलीत. पोरांना सक्त सांगितलेलं: दार बंद असलं की ती घरी नाही, असं समजायचं. थोरल्याने हे लगेच मान्य केलं. धाकटीनेही केलं, पण तिच्या पद्धतीने. किल्लीच्या भोकापाशी तोंड आणून विचारायची, "तू घरी आहेस का?"

"नाही."

"बरं. कधी येणार?"

"उद्या सकाळी."

मग पावलं लांब जायची. तिला यात खोटं काहीच वाटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. कधी रात्री आतूनच मला तिची हाक ऐकू यायची, पाणी मागणारी. आईची पावलं वाजायची. मी पांघरुणात पडून राहायचे आणि त्या पडून राहण्यालाही जरा जोर लावावा लागायचा.

रविवारी तर घरात थांबायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, त्यामुळे पाय नेतील तिकडे म्हणजे बहुतेक वेळा क्लारा-त्सेटकिन पार्ककडे. अडचण एवढीच, की अख्खं लाइपझिग तिथेच आलेलं असायचं, आमच्या घरच्यांसकट. धाकटी लांबून धावत यायची, वाहत्या नाकासकट, आणि माझा हात आपोआप टिश्यूकडे जायचा. आई ओरडायची, "आज तुझी सुट्टी आहे!" मी टिश्यू तिच्या हातात द्यायचे. सुट्टी मला होती, त्या नाकाला नव्हती.

वर्ष संपत आलं. जर्मनीत दुसऱ्यांदा ओ पेअर होता येत नाही, त्यामुळे रडारडीला फारसा वावच नाही. पुढची मुलगी शोधायची. व्हिडिओ कॉल ठरले आणि आईबाबांनी मलाही शेजारी बसवलं, "तुला जे कळेल ते आम्हाला नाही कळणार" म्हणून. पडद्यावर एक मुलगी, ताठ बसलेली, पाठ केलेलं जर्मन जपून बोलणारी. धाकटीने मध्येच टॅबलेट उचलला आणि पळत जाऊन तिला माझी खोली दाखवली. "ही तुझी खोली. दार बंद असलं की तू घरी नसतेस." ती मुलगी गोंधळून हसली. टॅबलेट परत टेबलावर आला, तेव्हा तिने वही उघडून विचारलं, "रोज काम किती तास असतं?"

आईबाबा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"सहा," मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं.